दोन खुर्च्या आणि सूपभर बेदाणा

पलूसच्या एसटी स्टँडसमोर, खताच्या दुकानाच्या माडीवर दीपमालानं समुपदेशन केंद्र काढलं, तेव्हा पहिल्या महिन्यात तिच्याकडं चौदा माणसं आली. त्यातल्या अकरा जणांना खुर्च्या भाड्यानं पाहिजे होत्या.

दोष कुणाचाच नव्हता. पीरमहंमद चाचा गेली चाळीस वर्षं त्या भागातल्या पाट्या रंगवतात, आणि चित्राशिवाय पाटी ते हातातच घेत नाहीत. "दाताच्या दवाखान्यावर दात, चष्म्याच्या दुकानावर डोळा, वकिलाला तराजू. तुमचं काय रंगवू, वैनी?" दीपमालानं सांगितलं, माणसं येतात, बसतात, मनातलं बोलतात, मी ऐकते. चाचांनी ब्रश कानामागं खोचला. "आता ऐकायचं काय चित्र काढू? कान काढला तर उद्या माणसं मळ काढून घ्यायला येतील." दोन दिवस विचार करून त्यांनी समोरासमोर दोन खुर्च्या रंगवल्या. लाल, प्लास्टिकच्या, पाठीला जाळीची नक्षी, मंगल कार्यालयात असतात तशा. अगदी हुबेहूब. आणि लग्नसराई तोंडावर आली होती.

"दोनशे पायजेत. हळदीदिवशी सकाळी टेम्पो लावतो."

"खुर्च्या नाहीत हो इथं. मी समुपदेशक आहे."

"मग टेबलं तरी हायत का?"

उरलेल्या तिघांपैकी एक विट्याची गाडी कितीला आहे ते विचारायला आला, एक लाईटचं मीटर बघायला, आणि तिसरे तिचे सासरे केरबा. पंखा चालतो का बघायला ते कुंडलहून मुद्दाम आले, पंख्याखाली अर्धा तास झोपले, चालतोय म्हणाले आणि गेले.

दुसरी कुणी असती तर पाटी पुसून ब्यूटी पार्लर काढलं असतं. दीपमालानं नाही काढलं. ती ह्या कामात हौसेनं पडलेली नव्हती. तिच्या घरात एक नाव होतं, आणि ते चार वर्षांत कुणी तोंडातून काढलं नव्हतं.

नाव होतं ऋषिराज. दीपमालाचा धाकटा दीर. घर कुंडलचं, दोन एकर द्राक्षबाग, आणि तासगाव रस्त्याला बेदाण्याचं शेड. माघ-फाल्गुनात द्राक्षं उतरली की शेडमधल्या जाळ्यांवर पसरायची, पंधरा-वीस दिवस वाळवायची आणि बेदाणा झाला की बायका लावून काड्या निवडायच्या. त्या दिवसांत दीपमालाचा नवरा जयराज शेडवरच मुक्कामाला असायचा आणि त्याची भाकरी घरून जायची. त्या संध्याकाळी भाकरीला उशीर झाला. अर्धा तास. दीपमाला बहिणीशी फोनवर बोलत बसली होती, लग्नात कुणी कुठली साडी नेसायची ह्या विषयावर. भाकऱ्या होईपर्यंत दिवस बुडाला. सासूनं, रंगूबाईनं, डबा भरला आणि ऋषिराजच्या हातात दिला. "जा रं, दादाला भाकरी देऊन ये." तासगाव रस्त्याला उसाची ट्रॉली उभी होती. मागं ना दिवा, ना लाल पट्टी. ऋषिराज तेवीस वर्षांचा होता.

दुसऱ्या दिवशी पोलीस पाटलानं डबा घरी आणून दिला. त्याला पोचे आले होते आणि झाकण वाकडं बसत होतं. रंगूबाईनं तो घासला, पुसला आणि माळ्यावर ठेवला. फोटो ट्रंकेत गेला. आणि नाव बंद झालं. शेजारच्यांनी त्याच वर्षी आपल्या नातवाचं नाव हौसेनं ऋषिराज ठेवलं होतं. त्या पोराला रंगूबाई "ते शेजारचं" म्हणायची. पोरगंही बिचारं त्या नावाला ओ द्यायला शिकलं.

भाकरी उशिरा झाली, असं दीपमालाला कुणीही म्हणालं नाही. गोम तिथंच होती. सासूनं एकदा तोंड सोडलं असतं, "तुझ्यामुळं गेला गं माझा" म्हणून भांडी आपटली असती, तर दीपमाला पाय धरून रडली असती आणि जे व्हायचं ते होऊन गेलं असतं. पण रंगूबाई मिठाबद्दल बोलायची, म्हशीबद्दल बोलायची, एसटी किती उशिरा आली त्याबद्दल बोलायची. दीपमालाच्या हातचं जेवायची, वर चांगलं झालंय म्हणायची. दीपमालाला तो घास तिच्या घशाखाली उतरताना बघवायचा नाही. सासूला ती आत्या म्हणायची. आत्याला काय वाटतं, एवढं एकदा कळावं, मग ते काही का असेना. दीपमालाला दुसरं काही नको होतं.

आता ह्यातून समुपदेशन कुठून आलं, ते सांगायला पाहिजे. अपघात झाला त्या रात्री ऋषिराजला सांगलीच्या दवाखान्यात नेलं होतं, तिथं रंगूबाई बाकड्यावर बसली होती आणि पाणी घेत नव्हती. जावा, भाऊ, पाहुणेरावळे, सगळ्यांनी सांगून बघितलं. मग गळ्यात कार्ड अडकवलेली एक बाई आली, शेजारी बसली, आणि दहा मिनिटं काहीच बोलली नाही. नुसती बसली. मग तिनं स्वतः पाणी पिलं आणि बाटली दोघींच्या मधे ठेवली. रंगूबाईनं ती उचलली. दीपमाला त्या बाईच्या मागं जिन्यापर्यंत गेली आणि विचारलं, "तुमचं हे काय काम म्हणायचं?" बाई म्हणाली, समुपदेशक. दीपमालानं तो शब्द हातावर पेननं लिहून घेतला.

वर्षानं तिनं घरात विषय काढला. मानसशास्त्र घेऊन बीए झालीच होती ती. ते तरी का, तर इतिहासाला पाठांतर फार असतं असं कुणीतरी सांगितलं होतं. आता पुढं एमए करायचं, मग सांगलीला समुपदेशनाचा एक वर्षाचा डिप्लोमा. केरबांनी विचारलं, "नोकरी लागंल का?" दीपमाला म्हणाली, माहीत नाही. जयराज म्हणाला, "बघ बाबा तुझं तू." रंगूबाई ताक करत होती. रवी न थांबवता म्हणाली, "शिकू दे तिला." का, ते बोलली नाही. विचारायची दीपमालाची छाती झाली नाही.

शिकली. कोरोनात एमएची परीक्षा तिनं मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून दिली, मागं म्हैस हंबरत होती आणि पर्यवेक्षकानं दोनदा विचारलं की खोलीत आणखी कोण आहे. मग डिप्लोमाला रोज पहाटेच्या एसटीनं सांगली. तिथं शिवांजली मॅडम शिकवायच्या. मूळच्या साताऱ्याच्या, पण पुण्यात शिकलेल्या, त्यामुळं नियमाला पक्क्या. समोरच्याच्या डोळ्यांत बघा. मान हलवा. सल्ला देऊ नका. ऐकलेलं बाहेर नेऊ नका. आणि नात्यातल्या माणसाचं समुपदेशन अजिबात करू नका.

दीपमालानं हात वर केला. "मॅडम, नात्यातलं म्हणजे किती लांबचं?"

"अगदी जवळचे हो. घरातले, भावकीतले."

"आमच्याकडं जवळचेच चारशे आहेत."

सगळा वर्ग गंभीर राहिला. शेवटच्या बाकावरची ताहेरा तेवढी तोंडावर ओढणी धरून हसली. ताहेरा तासगावची, घरचा बेदाण्याच्या खोक्यांचा धंदा. तिच्याकडंही जवळचे तीनशे निघाले. तेव्हापासून दोघींचं जमलं. डिप्लोमा झाल्यावर ताहेरानं तासगावात केंद्र काढलं आणि दीपमालानं पलूसला. दोघींत ठरलेलं, तुझ्या नात्यातला आला तर माझ्याकडं धाड, माझ्या नात्यातला आला तर तुझ्याकडं.

खुर्च्यांचं वादळ शमल्यावर खरा पहिला माणूस आला तो क्रूझर गाडीतून, आणि एकटा नाही, नऊ जण. म्होरके नानासो, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. सून माहेरी जाऊन बसली होती. दीपमाला म्हणाली, एकेकानं आत या. सगळ्यांना राग आला.

"एकेकानं? का, आमच्यात काय चोरी हाय व्हय?"

नऊच्या नऊ आत बसले. दोन खुर्च्यांवर दोघं, बाकीचे फरशीवर, एक जण जिन्यात. दोन तास बोलले. हे काही गुपित नाही, खालच्या खतवाल्यानं सगळं ऐकलं आणि मधे एकदा वर येऊन स्वतःचं मतही देऊन गेला. दीपमाला शिकवल्याप्रमाणं हं, हं करत राहिली. शेवटी नानासोंनी मिशीवरून हात फिरवला. "बरं. आता निकाल सांगा."

"मी निकाल देत नाही."

"मग दोन तास ऐकलं कशापायी?"

गेले रागानं. पण आठ दिवसांनी नानासो एकटेच आले, टोपी काढून बसले. दीपमालानं त्यांच्या डोळ्यांत बघितलं. नानासोंनी पंख्याकडं बघितलं. तिनं मान हलवली. नानासोंनी घाम पुसला. पंधरा मिनिटांनी उठून उभे राहिले. "बाई, तुमी आसं बघायला लागलाय, मला वाटतंय मीच कायतरी करून बसलोय. कोर्ट मार्शलला बी आसं कोण बघत न्हाई." आणि गेले.

असंच चाललं सगळं. बायका यायच्या, तिनं डोळ्यांत बघितलं की पदर नीट करायच्या आणि "बरं हाय सगळं" म्हणून उठायच्या. अरे, बरं आहे तर दहा मैलांवरून आलीस कशाला! दीपमाला घरी येऊन चिडचिड करायची. ताहेराला फोन केला तर तिचंही तेच. "दीपा, माझ्याकडं एकानं तर डोळे मिटूनच घेतले."

मग हंगाम आला. निवडायच्या बेदाण्याची पोती घरात मावेनात, तेव्हा रंगूबाई एक दिवस बाजाराला आली ती पाच किलोची पिशवी आणि एक सूप घेऊनच माडी चढली. "रिकामी बसतीस न्हवं दिवसभर? काड्या निवड." घालून-पाडून बोलली नव्हती ती, खरंच रिकामी बसायची दीपमाला. सूप टेबलावर होतं तेवढ्यात एक बाई आली. तिला समीक्षा म्हणू. खरं नाव दीपमालानं अजून नवऱ्यालाही सांगितलेलं नाही, मग इथं कुठून येणार. समीक्षा बसली, गप्प. बसल्या बसल्या तिचा हात सुपात गेला. एक काडी काढली, बाजूला टाकली. दुसरी काढली. खाली बघून बेदाणे सरकवत ती म्हणाली, "नवरा तसा मारत न्हाई." आणि मग तास-सव्वा तास बोलत राहिली. काय ते तिचं तिला आणि दीपमालाला ठाऊक. दीपमालानं तिच्या डोळ्यांत बघायचं सोडून दिलं आणि सुपाच्या दुसऱ्या कडेनं स्वतःही निवडायला लागली.

आता ह्या मुलखातल्या बायकांची जन्मभराची बोलायची रीतच ही आहे. निवडणाऱ्या बायका शेडमधे माना खाली घालून ओळीनं बसतात, आणि सासूपासून सवतीपर्यंत सगळं तिथं निघतं, कारण कुणी कुणाकडं बघत नसतं. दीपमाला दहा वर्षं त्या ओळीत बसली होती. तरी हे तिच्या ध्यानात यायला एक एमए आणि एक डिप्लोमा मधे गेला.

तेव्हापासून टेबलावर सूप आलं ते कायमचं. बेदाणा संपला की शेंगा फोडायला, नाहीतर घेवडा मोडायला. नानासोही पुन्हा आले. बेदाणे दहा-दहाच्या रांगेत लावायचे, मग निवडायचे. तिसऱ्या खेपेला रांग लावता लावता थांबून म्हणाले, सून गेली ती पोरामुळं नाही, माझ्यामुळं गेली. एवढं बोलून त्यांनी ती रांग पुरी केली.

शिवांजली मॅडम कामाची तपासणी करायला आल्या, तेव्हा सूप बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे काय आहे?" दीपमालानं सांगितलं. मॅडम समोर बसल्या, हे कुठल्या पुस्तकात आहे म्हणाल्या, आणि बोलता बोलता दोन काड्या काढल्या. दहा मिनिटांनी त्या साताऱ्यातल्या आपल्या भावाविषयी सांगत होत्या, ज्याच्याशी त्या अकरा वर्षं बोललेल्या नव्हत्या. पाऊण तासानं त्यांनी घड्याळ बघितलं, पदर झटकला आणि वहीत लिहिलं, "पद्धत समाधानकारक."

आणि रंगूबाई? ती दर बाजाराला यायची, बाहेरच्या बाकड्यावर बसायची आणि आपण होऊन कारभार बघायची. "तुमी थांबा वाईच. आत माणूस हाय. चप्पल हिकडं काढा." आत काय चाललंय हे तिनं कधी विचारलं नाही. संध्याकाळी निवडलेला बेदाणा पिशवीत भरताना मात्र मूठभर हातावर घेऊन बघायची.

"ह्यात निम्म्या काड्या तशाच हायत. दुपारच्या बाईचं मन थाऱ्यावर न्हाई."

दीपमाला सूप झटकायला लागली.

"ह्यो बघ, वला झालाय. लय रडली जणू."

"आत्या, मला काही सांगता येत नाही."

"मी कुठं इचारतीया? बेदाण्याचं बोलतीया मी."

खोटं कशाला बोला, रंगूबाईचा अंदाज कधी चुकायचा नाही. दीपमालाला वाटायचं, लोकांच्या बेदाण्यावरून लोकांचं मन ओळखणाऱ्या ह्या बाईनं आपल्या मनातलं कुठल्या सुपात ठेवलंय?

असं करत तीन वर्षं गेली. गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. बाजार उठला होता, माडीवर कुणी नव्हतं. रंगूबाई बाकड्यावरूनच म्हणाली, "दीपा, हितं नंबर लावायचा तर काय करायचं?"

"कुणाचा?"

"हाय एक बाई. कुंडलची. तिला बोलायचं हाय."

दीपमालानं पेन खाली ठेवला. "कशाविषयी बोलायचंय तिला?"

"ते तिचं ती सांगंल की." रंगूबाई समोरच्या भिंतीकडं बघत होती. "ती म्हणती, सात वर्सं झाली, आता छातीत मावंना."

सात वर्षं दीपमाला ह्याच वाक्याची वाट बघत होती. दार लावायचं, सूप मधे ठेवायचं, बसा म्हणायचं, एवढंच राहिलं होतं. चारशे नातेवाइकांपुढं तिनं हा नियम थोडाफार वाकवला होता, नाही म्हणू नये. मावसजावेची नणंद, चुलत दिराचा साडू, चालवून घेतलं होतं. पण ही बाई बोलायला लागली असती तर दीपमाला ऐकणार काय होती? भाकरीला उशीर झाला हे एकच वाक्य शोधत बसली असती, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत.

"आत्या, त्या बाईला मी चालणार न्हाई."

"का? लोकास्नी चालतीस."

"तिचं आन् माझं दुखणं एकच हाय. ती बोलायला लागली की मला माझंच ऐकू यील. तिचं ऐकायचं राहून जाईल."

खाली विट्याची गाडी लागली आणि सुटली.

"मग कोण हाय दुसरं?"

"ताहेरा. तासगावची. लय चांगली हाय."

"च्यात साखर किती घालती?"

"तुम्हाला पाहिजे तेवढी घालंल."

"बघू म्हणावं तिला," रंगूबाई म्हणाली. तिला म्हणजे कुणाला, ते दोघींनीही स्पष्ट केलं नाही.

तासगावला जायचा रस्ता तो एकच सरळ. सात वर्षांत रंगूबाई त्या रस्त्यानं गेली नव्हती. शेडवरसुद्धा नाही. लग्नकार्याला तासगावला जायचं झालं तर दोन गाड्या बदलून, लांबचा फेरा घालून जायची, आणि सरळ गाडीत उलटी होते असं सांगायची. त्या आठवड्यात ती सरळ गाडीत बसली. सोबत कापडी पिशवीत किलोभर बेदाणा, न निवडलेला. "लोकाच्या घरी जाऊन रिकाम्या हातानं बसायची मला सवय न्हाई." गावात विचारणाऱ्यांना सांगितलं, गुडघ्याच्या डॉक्टरकडं जाते. त्याबरोबर सगळं गाव गुडघ्यांच्या मागं लागलं. महिन्याभरात घरात गुडघ्याला लावायच्या तेलाच्या सहा बाटल्या जमा झाल्या. केरबांना खरंच गुडघेदुखी होती, त्यांचं भलं झालं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी दीपमालानं पिशवी उघडली. बेदाणा एक नंबर. एक काडी नाही, काळा वेगळा, हिरवा वेगळा. ती समजली. आत्यानं तासभर काम केलं होतं, दुसरं काही केलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यात ताहेरानं आपल्याही घरचा दोन किलो निवडून घेऊन त्यातला थोडा बांधून दिला असावा, कारण पिशवी जड होऊन आली. दीपमालाला राहवेना. तिनं फोन लावला.

"ताहेरा, आत्या..."

"दीपा."

"नाही गं, विचारत नाही. पोचल्या होत्या का, एवढंच."

"पोचल्या."

"चहा घेतला?"

"घेतला."

"साखर?"

"दीपा, फोन ठेव."

आपल्याच कामाचा एवढा राग तिला जन्मात आला नव्हता. पण फोन ठेवला. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर तिनंही हेच केलं असतं.

सहाव्या की सातव्या खेपेला रंगूबाई तासगावहून आली, पिशवी कोनाड्यात टाकली आणि न जेवता आडवी झाली. दीपमालानं पिशवी उघडली. बेदाणा गेला तसाच आला होता. काड्या सगळ्या जागच्या जागी. एक मूठ तेवढी तळाशी गोळा होऊन बसली होती, दाबून दाबून एकजीव झालेली आणि ओली. दीपमाला ती मूठ हातात घेऊन चुलीपाशी उभी राहिली. काय झालं म्हणून जयराजनं विचारलं, तर म्हणाली, काही नाही, बेदाणा वाळवायला पाहिजे. सकाळी तिनं तो गच्चीवर उन्हात पसरला.

त्यानंतरही रंगूबाई जात राहिली. घरात काही बदललं, असं सांगता यायचं नाही. मीठ, म्हैस, एसटी. मग पुन्हा माघ आला, शेड सुरू झालं आणि जयराज मुक्कामाला गेला. भाकरी न्यायला तो स्वतःच संध्याकाळी यायचा. सात वर्षं भाकरी फडक्यातच बांधून जायची, डब्यातून नाही. एका दिवशी केंद्रातून निघायला दीपमालाला उशीर झाला. घरी आली तेव्हा ऊन भिंतीवरून वर सरकलं होतं. परात ओढली, पीठ घेतलं, भराभरा थापायला लागली. जयराज दारात येऊन थांबला. तव्याचा चटका बसला तरी तिनं हात थांबवला नाही. ह्या महिन्यात, ह्या वेळेला, उशीर झाला की तिचं असंच व्हायचं.

रंगूबाई समोर लसूण सोलत होती. मान खाली.

"सावकाश थाप. भाकरीला काय पाय फुटलं न्हाईत."

"उशीर झाला, आत्या."

"हुंदे." एक पाकळी सोलली. दुसरी घेतली. "त्या दिवशी बी भाकरीनं काय झालं न्हाई. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. मी सात वर्सं म्हणतीया, डबा मी दिला, मी दिला. तू बी तुझं तेच म्हणत बसली असशील. आगं, भाकरी दिली आपुन. आणि काय दिलं?"

अशा वेळी काय करायचं ते दीपमालाला पुरतं शिकवलेलं होतं. शांत राहायचं, मान हलवायची, समोरच्याला वेळ द्यायचा. त्यातलं तिनं काहीही केलं नाही. पिठाचे हात तोंडावर घेतले आणि हंबरडा फोडला. तव्यावरची भाकरी करपायला लागली. रंगूबाईनं उठून ती उलटली, हातातला लसूण तसाच ठेवून दीपमालाच्या पाठीवर हात ठेवला, आणि तीही रडली. आतून केरबा काठी टेकत आले. "काय झालं गं?"

"कायी न्हाई. भाकरी करपली."

केरबांनी दोघींकडं बघितलं, बरं म्हणाले आणि परत गेले.

डोळे पुसून झाल्यावर रंगूबाई म्हणाली, "माळ्यावरनं ऋषिराजचा डबा काढ. फडक्यात भाकरी गार हुतीया."

दारातल्या जयराजनं मान वर केली. त्या घरात ते नाव सात वर्षांनी निघालं होतं, आणि ते असं, भाकरी गार होते म्हणून. दीपमालानं स्टूल घेतलं, डबा काढला, धुतला, भाकरी आणि वांग्याची भाजी भरली. जयराजनं हातात घेऊन झाकण दाबून बघितलं. दोनदा बघितलं.

"झाकण बसंना." त्यानं झाकणावरून अंगठा फिरवला. "त्या दिवशीच..."

"त्या दिवशीचं न्हाई ते," रंगूबाई म्हणाली. "ते सातवीतलं. शाळंच्या पायरीवर आपटला हुता त्यानं. मारला हुता मी त्याला. डाव्या बाजूनं आधी दाब, मग बसतंय."

सात वर्षं दीपमाला त्या वाकड्या झाकणाकडं मान वर करून बघत नव्हती. जयराजनं डाव्या बाजूनं दाबलं. बसलं.

तो गाडीवर बसला, डबा हँडलला अडकवला. ऊन अजून गच्चीच्या कठड्यावर होतं. रंगूबाई उंबऱ्यापर्यंत आली आणि ओरडली, "लाईट लाव रं."

"आये, दिवस हाय अजून."

"लाव म्हणते न्हवं?"

जयराजनं लाईट लावली आणि तासगाव रस्त्याला लागला.